पालथा हात

१

हकीम गयासुद्दीन जाऊन बरीच वर्षं झाली, तरी बार्शीटाकळीत अजून कोणी "डॉक्टर नगमाकडे चाललो" असं म्हणत नाही. "हकीमसाहेबाकडे जाऊन राहिलो" म्हणतात. नगमा अमरावतीला डॉक्टरकी शिकून आली, दारावर नवी पाटी लावली, ईसीजीचं यंत्र आणलं. लोकांनी सगळं कौतुकानं पाहिलं आणि नाव आजोबांचंच चालू ठेवलं. सुरुवातीला ती चिडायची. मग तिनं तो नाद सोडला, कारण चिडायला तिच्याकडे त्याहून चांगली कारणं होती.

त्यातलं पहिलं कारण खोलीच्या मधोमध उभं होतं. दवाखान्याच्या पुढच्या अंगाला मोईज चाचांचं जडीबुटीचं दुकान, त्यामागे तपासणीची खोली, आणि त्या खोलीचे दोन भाग करणारी एक सागवानी आडभिंत, जमिनीपासून आढ्यापर्यंत. भिंतीपलीकडे बायकांची खोली. तिला मागच्या बोळातून वेगळं दार. भिंतीत, बसलेल्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर, शाळेच्या पाटीएवढी एक खिडकी. तिच्यावर हिरवा पडदा, खाली हात टेकायला फळी. बाईनं पलीकडे बसायचं, पडद्याखालून हात पुढे करायचा, आणि हकिमानं अलीकडून नाडी पाहायची. मनगटाच्या वरचं त्यानं काही पाहायचं नाही, तिनं दाखवायचं नाही.

तरण्या पोरी आणि शिकलेल्या सुना केव्हाच पुढच्या दारानं येऊ लागल्या होत्या. पण खेड्यांतल्या पोक्त बायकांना खिडकीच हवी असे. हिंदू-मुसलमान हा भेद त्या खिडकीला कधी नव्हता. लाज सगळ्यांची सारखीच. म्हणून दुपारच्या नमाजाआधी तासभर नगमा खिडकीशी बसायची, नाडी पाहण्याचं निमित्त करायची आणि एकेकीला गोडीगुलाबीनं पुढे बोलवायची. निम्म्या ऐकायच्या. उरलेल्या हात आत ओढून घरी जायच्या.

पलीकडे पूर्वी कुलसुमबी असे. बायकांना ओळीनं बसवणं, माठातलं पाणी देणं, कोणी लाजली तर तिचं दुखणं स्वतःच्या तोंडून सांगणं, हे तिचं काम. उन्हाळ्याच्या तोंडाशी कुलसुमबीचे गुडघे गेले आणि लेक तिला परतवाड्याला घेऊन गेली. तेव्हापासून आत कोणी नव्हतं.

तरी हात नीटनेटके येत राहिले. मनगटाखाली फडक्याची घडी, बांगड्या वर सारलेल्या, तळवा आभाळाकडे. सोय होते आहे तोवर माणूस तिच्याकडे लक्ष देत नाही, तसंच नगमाचं झालं. पण एक दिवस पिंजरच्या रस्त्याकडची एक म्हातारी औषधाची पुडी घ्यायला पुढे दुकानात आली आणि कुरकुरली, की आतली नवी मावशी बांगड्या फार जोरानं सारते, आणि एवढ्या वेळात तोंडातून एक शब्द काढत नाही.

२

नगमा लगेच बोळातून मागे गेली. खोलीत एक लांब बाक, कोपऱ्यात माठ, वर झरोका, आणि झरोक्यातून आलेली कडुनिंबाची हलती सावली. दुसरं काही नव्हतं. बाकाचं खिडकीकडचं टोक वर्षानुवर्षं बसून गुळगुळीत झालं होतं. तिथं हात ठेवल्यावर लाकूड कोमट लागलं. उन्हाळ्यात अकोला जिल्ह्यात कोणतं लाकूड कोमट नसतं, असं तिनं स्वतःला बजावलं.

तिनं हिशेब मांडला. बायका एकमेकींना मदत करतात. रांगेतली एखादी म्हातारी पुढारपण करत असेल, तिलाच सगळ्या मावशी समजत असतील. बोलत नसेल, तर दात नसतील. झालं.

नगमाला भुताखेतांची भीती नव्हती, राग होता. मेळघाटाच्या पायथ्याशी नोकरी केली तेव्हा बाहेरची बाधा म्हणून पोटाला डागलेली लेकरं तिनं मांडीवर घेतली होती. तेव्हापासून कोणी "काहीतरी आहे" म्हटलं की तिच्या कपाळाची शीर उठायची.

पण आजोबांवर मात्र तिला राग धरता येत नसे, आणि हीच तिची अडचण होती. ती भिंत त्यांनी घातली तेव्हा अर्ध्या गावानं त्यांच्या नावानं बोटं मोडली होती. त्याआधी बाईचं दुखणं नवरा येऊन सांगायचा, नाहीतर भाऊ. बाई घरात, औषध बाहेर, आणि मध्ये पुरुषाचा अंदाज. हकिमांनी म्हटलं, निदान तिचा हात तरी येऊ द्या. त्या काळात ती आडभिंत नव्हतीच. ते दार होतं.

आणि त्या एका मनगटावर त्यांचं शास्त्र केवढं उभं होतं! लहानपणी ते नगमाची बोटं धरून शिकवायचे: ही नाडी हरणासारखी उडते, ही मुंगीसारखी चालते, ही लाटेसारखी येते. जे पाहायची मनाई आहे ते न पाहता कसं ओळखावं, यावर हजार वर्षं शहाण्या माणसांनी डोकं झिजवलं आणि दोन बोटं रुंद जागेत अख्खं शरीर वाचून दाखवलं. नगमाला त्याचा अभिमान होता. फक्त एक प्रश्न तिला छळायचा. एवढी बुद्धी मनाई पाळण्यात गेली. मनाई कशाला, हे विचारायला कोणाला उसंत कशी मिळाली नाही?

३

जमुनाचा हात ती पाहताक्षणी ओळखायची. तर्जनीवर विळ्याची जुनी खूण, मनगटाशी गोंदलेली तुळस. जमुना म्हणजे पिंजरच्या रस्त्यावरच्या नत्थुजींची बायको. घरची काळी जमीन, लेक पियुष पुण्याला कामाला, घरात सून प्रणाली. बाई बोलकी. खिडकीतून हात यायच्या आधी तिचा आवाज यायचा, तुरीचा भाव काय झाला आणि कोणाची सोयरीक मोडली, सगळं सांगून झाल्यावर पित्ताची तक्रार.

त्या दिवशी ती गप्प होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, छातीत जड वाटते. नगमानं विचारलं, कोणत्या बाजूनं. डावीकडे, काखेपाशी.

"हाताले काही लागते काय, काकू?"

उत्तर आलं नाही. पण बोटांखाली नाडी धावायला लागली, आणि नगमाला कळायचं ते कळलं. या एका प्रश्नाला बायका खोटं बोलू शकतात, त्यांचं मनगट बोलू शकत नाही.

"पुढच्या दारानं या, काकू. मले पाहू द्या. घाबराचं काही नाई."

जमुनाचा हात तसाच होता, तळवा वर. मग तो फिरला. आपण आपला हात फिरवतो तेव्हा आधी मनगटाच्या शिरा ताणल्या जातात. इथं त्या सैलच राहिल्या. तव्यावरची भाकरी उलटावी तितक्या सवयीनं कोणीतरी ते मनगट पलीकडून धरून उलटं केलं. नगमाची बोटं अजून त्यावर होती. तिच्या बोटांच्या शेजारी, पडद्याच्या काठाखाली, दुसऱ्या बोटांचा दाब तिला स्पष्ट लागला. हात पालथा झाला, फळीवर क्षणभर थोपटला गेला आणि आत घेतला गेला.

"बरं," जमुना म्हणाली. ती नगमाशी बोलत नव्हती.

नगमा दुकानातून, रस्त्यावरून, वळसा घालून बोळात पोचेपर्यंत नत्थुजींची मोटारसायकल कोपऱ्यावरून वळली होती. मागे बसलेल्या जमुनानं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता. आतल्या खोलीत कोणी नव्हतं. फळीवरचं फडकं कोणीतरी पुन्हा घडी करून ठेवलं होतं.

४

मोईज चाचांनी ऐकून घेतलं तेव्हा ते जुलाबाच्या सनायच्या पुड्या बांधत होते. त्यांचा हात थांबला. हात पालथा झाला, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि मग नगमाला ती गोष्ट सांगितली, जी तिला अर्धवट ठाऊक होती.

आशा नाही, हे हकीमसाहेब कधी तोंडानं सांगत नसत. कोणत्याच बाईला असं ऐकवणं त्यांच्या जिवावर येई. ते फक्त तिचा हात पालथा करत, वर आपला हात क्षणभर ठेवत आणि तिचा हात हलकेच आत सारत. औषध बांधलं जायचं नाही. पलीकडे बाईला कळायचं, बाहेर तिच्या माणसांना कळायचं. तिला घरी नेत, तिच्या आवडीचं रांधत, माहेरच्यांना बोलावणं धाडत. सगळं अदबीनं व्हायचं. आसपासच्या खेड्यांत आजही म्हातारी माणसं "हात पालथा झाला" असंच म्हणतात.

"अब्बांचा हात कधी चुकला नाई, बेटा," चाचा म्हणाले. "ज्या बाईचा पालथा केला, ते गेलीच."

"जाईनच ना, चाचा. दवा बंद, खाट टाकली, सगळे रडाले बसले. चुकला का नाई, हे पाह्याले एक तरी बाई जित्ती राहू देली काय कोनी?"

चाचांनी पुडीचा दोरा ओढून घट्ट केला. बापाबद्दल असं ऐकून घेण्याची त्यांना सवय नव्हती, आणि नगमालाही बोलून बरं वाटलं नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, की या बाईचा हात तूच केला ना पालथा? नगमानं नाही म्हटलं. चाचांनी बांधलेली पुडी सोडली आणि तीच पुन्हा बांधायला घेतली.

तिनं परतवाड्याला फोन लावला. कुलसुमबी आधी गुडघ्यांबद्दल बोलली, मग जावयाबद्दल. बांगड्या वर सारून घडी कोण घालायचं, असं नगमानं विचारल्यावर ती म्हणाली, मी तर दाराशी बसायची, माठापाशी. खिडकीकडच्या टोकाला मी कधी बसले नाही, ती जागा माझी नव्हती. मग कोणाची? कुलसुमबी म्हणाली, की नमाजाची वेळ झाली, आणि फोन ठेवला. नमाजाला अजून बराच अवकाश होता.

५

दुसऱ्या दिवशी नगमानं येणाऱ्या बायकांना परत पाठवलं. बोळातल्या दाराला स्वतःच्या हातानं कुलूप घातलं, आधी आत शिरून बाकाखाली, माठामागे पाहिलं, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि अलीकडे येऊन खिडकीशी बसली. नीट ऐकू यावं म्हणून तिनं कूलर बंद केला. खोलीत ऊन भरलं होतं. बाहेर भंगारवाल्याची हाक, दुकानात चाचांचा खलबत्ता. भुतं पाहायला बसण्याची ही काही वेळ नव्हे, असं तिला वाटलं आणि त्याचं बरं वाटलं.

मग पलीकडे बाक करकरलं. बसलेलं माणूस दुसऱ्याला जागा करून द्यायला सरकतं, तसं. पडदा हलला आणि हात आला.

बाईचा हात, मध्यम वयाचा, कोरडा. ऊनही नाही, थंडही नाही. मनगटावर बांगड्या काढल्याचे गोरे वळ. नगमानं बोटं ठेवली. नाडी नव्हती. जागा बदलून पाहिली, दाबून पाहिली. मनगटाशी नाडी न लागणाऱ्या जित्याजागत्या बायका तिनं पाहिल्या होत्या. कोणाची धमनी आडवाटेनं जाते, कोणाची अरुंद होते. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं, आणि तिनं तेच केलं.

"दुसरा हात द्या."

हात आत गेला. दुसरा आला. तोही उजवाच होता.

नगमानं स्वतःचे दोन्ही हात समोर धरून पाहिले, अंगठे कुठं असतात ते. मग पुन्हा त्या हाताकडे. तिला भीती वाटली. पण ती उठली नाही. आपल्याच दवाखान्यातून उठून पळायचं, हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

"नाव काय तुमचं?" तिनं विचारलं.

हात तळवा वर करून तसाच राहिला. तो वाट पाहत होता, हे तिला सावकाश उमगलं. पेशंट डॉक्टरच्या तोंडाकडे पाहत बसतो, तसा. काय सांगणार होती ती? तिच्याकडे या हातासाठी काही नव्हतं. बऱ्याच वेळानं तो हात स्वतःच पालथा झाला, न सांगता, समजूतदारपणे, आणि आत गेला.

नगमाला रडू आलं. त्या हाताला कोणी शिकवलं होतं हे, आणि किती चांगलं शिकवलं होतं. आता पलीकडे बसून तो हेच इतरांना शिकवत होता.

६

त्याच वेळी तिनं स्कूटर काढली. नत्थुजी अंगणात कडुनिंबाखाली बसले होते, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाकडे पाहत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि म्हणाले की आता काय इलाज, तुमच्याच दवाखान्यात हात पालथा झाला. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच नगमाला सहन होईना.

आत जमुना लुगड्यांच्या घड्या करून सुनेपुढे ठेवत होती. हे तुले, हे पियुषच्या मावशीले. प्रणाली नुसती रडत होती. नगमानं तिला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि जमुनाला म्हणाली, की हात नंतर, आधी मला दुखणं पाहू द्या. जमुनानं भिंतीकडे तोंड केलं. पण पदर खाली घेतला. इतकी वर्षं तिला ओळखणाऱ्या नगमानं तिला त्या दिवशी पहिल्यांदा तपासलं.

गाठ सुपारीएवढी होती. बोटाखाली सरकत होती. काखेत काही लागलं नाही. नगमानं पुन्हा पुन्हा पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिनं सांगितलं, ही वेळेवर सापडली आहे. अकोल्याला सुई टाकून तपासतील, बहुतेक ऑपरेशन होईल, त्रास होईल, पण वाचाल. आजच चला.

जमुनानं लुगडं सारखं केलं. "तुमी शिकल्या सवरल्या, बाई. पन मले तठी जे समजलं ते समजलं. तिनं माहा हात धरला आन् मले एकदम शांत वाटलं. आता झालं, असं."

"कोन होती ते?"

"तोंड कोन पाहते? पदर होता." तिनं पुढच्या लुगड्याची घडी उचलली. मग म्हणाली, "ज्या खिडकीत पालथा झाला, तठीच उताना करून दाखवा. मंग येतो मी अकोल्याले. नाई त नाई."

नगमाच्या जिभेवर उत्तर आलं होतं: असं काही नसतं, काकू. तेच उत्तर तिनं आयुष्यभर सगळ्यांना दिलं होतं. पण काल तिच्या बोटांना दाब लागला होता आणि आज तिनं दोन उजवे हात पाहिले होते. नसतं म्हणाली तर ती खोटं बोलली असती, आणि असतं म्हणाली तर जमुना त्याच बाकाची झाली असती. तिनं दोन्ही म्हटलं नाही. नत्थुजींना म्हणाली, जीप सांगा, अकोल्यापर्यंतची. वाटेत दवाखान्यात थांबू.

७

जीप दुकानासमोर उभी राहिली. प्रणाली बोळातल्या दाराशी थांबली. सासूनं तिला आत येऊ दिलं नाही. नगमानं कुलूप काढलं, दार सताड उघडं ठेवलं आणि अलीकडे येऊन बसली. चाचा दुकानातून उठून तिच्या मागे उभे राहिले. तिनं त्यांना जा म्हटलं नाही.

जमुनाचा हात आला. बांगड्या वर सारलेल्या होत्या. हात पालथाच होता.

नगमानं एक हात त्याच्या खाली घातला, एक वर ठेवला आणि तो उलटवायला लागली. तो हलेना. जमुना हात ताठ धरत नव्हती, तिची बोटं तर सैल पडली होती. धरत होतं दुसरंच कोणी. त्या धरण्यात राग नव्हता, द्वेष नव्हता. आजारी माणसाच्या अंगावरचं पांघरूण आपण नीट करतो, तितक्या मायेनं तो हात खाली दाबला जात होता. नगमानं जोर लावला. हात अर्धा वळला. फळी कुरकुरली.

मग तो दाब जमुनाच्या मनगटावरून सुटला आणि नगमाच्या डाव्या मनगटावर आला. तीन बोटं. जागेवर अचूक. आजोबा ठेवायचे तशीच, मधलं बोट किंचित दाबून. बोटं थांबली, ऐकत राहिली, आणि मग सावकाश तिचा हात पालथा करू लागली.

आणि खरंच शांत वाटलं. जमुना खोटं बोलली नव्हती. आता घरी जावं, दार लोटून पडावं, कोणाशी भांडू नये; कोणीतरी आपल्याला पुरतं ओळखलं आहे आणि आता करण्यासारखं काही उरलं नाही, याचं एवढं मोठं सुख असतं हे नगमाला माहीत नव्हतं. तिचा डावा हात फळीवर पालथा पडला. तिनं तो पडू दिला.

उजवा तिनं सोडला नाही.

"माहा करा पालथा," ती पडद्याला म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "हिचा नाई होनार. तुमी नाडी बरोबर पाह्यली असंल. बाई पाह्यली नाई तुमी. मी पाह्यली आहे."

मागे चाचांनी श्वास घेतला. नगमानं उजव्या हातानं जमुनाचं मनगट उचललं, उलटं केलं आणि तळवा वर करून फळीवर दाबून धरलं. या वेळी कोणी अडवलं नाही.

"काकू, वाका आन् पाहा तुमच्या डोळ्यानं. उताना आहे. नाडी लागून राहिली, घोड्यावानी."

पलीकडे बाक हललं, जमुना वाकली असावी. तिची बोटं एकेक करून मिटली आणि नगमाच्या अंगठ्याभोवती घट्ट बसली.

"मान वर करू काय, बाई?" तिनं बारीक आवाजात विचारलं. "माह्या बाजूले लय जनी बसल्या आहेत."

"नोका करू. उठा आन् सरळ दारातून बाहेर निंघा."

८

जीप गेली. नगमानं अकोल्याच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना आधीच फोन केला होता; आपणही मागून येते म्हणून तिनं नत्थुजींना सांगितलं होतं. पण ती खुर्चीतून उठली नाही. चाचांनी दोनदा चहा आणून ठेवला आणि निवलेला परत नेला. तिच्या डाव्या हाताकडे ते पाहायचे आणि नजर काढून घ्यायचे. स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून पाहण्याचा तिला अनावर मोह होत होता. तिनं ठेवली नाहीत. तो निकाल तिला नको होता, आणि नको म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे असं तिनं ठरवलं.

उन्हं कलताना प्रणालीचा फोन आला. सुई टाकून झाली होती. बाईंनी हातानं पाहून सांगितलं, की वेळेवर आणलं, बहुतेक लवकरच ऑपरेशन करू. सासूबाई बाहेर बाकावर बसून शेजारणीला तुरीचा भाव सांगत आहेत.

नगमा हसली. मग तिनं पुढे होऊन हिरवा पडदा धरला आणि दांडीसकट ओढून काढला. अलीकडून तो कोणी कधी उचलला नव्हता, हकीमसाहेबांनीही नाही. चाचा मागून "बेटा" म्हणाले आणि दुकानात जाऊन खलबत्ता चालवू लागले.

ती वाकली. खिडकी कोपराच्या उंचीवर, त्यामुळे दिसल्या त्या फक्त मांड्या. ओळीनं बसलेल्या बायकांच्या मांड्या. नऊवारीचे ओचे, बुरख्याची किनार, विटक्या सलवारी. बाक त्या खोलीत मावलं नसतं इतकं लांब होतं, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला झरोक्याचा उजेड पोचत नव्हता. प्रत्येकीचे हात गुडघ्यांवर होते, पालथे. कोणी हलत नव्हतं. फार चांगल्या वागणुकीच्या बायका होत्या त्या.

आणखी वाकली असती तर तोंडं दिसली असती. चोरून पाहायची तिची इच्छा नव्हती.

जवळच्या मांडीवरचा एक हात उचलला गेला. अडखळला. आणि हळूहळू, विसरलेलं काम आठवावं तसा, उताणा झाला. त्याच्यापलीकडे दुसरा झाला. मग बांगड्यांचा एक बारीक आवाज बाकाच्या टोकापर्यंत, उजेडाबाहेर, दूर दूर जात राहिला.

नगमानं बेसिनपाशी जाऊन हात धुतले, स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला, खुर्ची खिडकीकडून फिरवली आणि दुकानाच्या दाराकडे तोंड करून बसली.

"हात आत घ्या," ती मोठ्यानं म्हणाली. "असं नाई चालनार आता. एकेक जन पुढच्या दारानं या. मले तोंड पाहू द्या."

आडभिंतीपलीकडे बाक करकरलं, एकदम पुष्कळ जणी उठल्यासारखं. मग बोळात पावलं वाजली, ती वळसा घालून रस्त्यावर आली, आणि पुढे दुकानात मोईज चाचांच्या हातातला खलबत्ता थांबला. थोड्या वेळानं त्यांचा आवाज ऐकू आला. बापाच्या वेळी पेशंटशी बोलायचे तसा, अदबीनं, पण फार कापरा.

"या. बसा. पह्यला नंबर कोनाचा?"